सरासरी ठीक आहे

सरासरी ठीक आहे, केस्तुतिस तिसऱ्यांदा म्हणाला,
आणि खिडकीखाली, क्लाइपेदा बंदराच्या चार नंबर फाटकावर,
एकोणीस ट्रक इंजिनं सुरू ठेवून उभे होते.
सरासरीला थंडी वाजत नाही.
शंभरातली नव्व्याण्णव वाचनं बारा मिलिसेकंदांत,
उरलेलं एक अकरा सेकंदांत,
आणि ते एक दर वेळी फाटकावरचंच.

झिविलेने आधी सगळे करतात तेच केलं.
कॅशे वाढवली, आठ जीबीची चोवीस.
हवं ते हाताशी असावं, दर वेळी उठून फडताळ उघडावं लागू नये,
एवढाच विचार.
तासभर आलेख शहाण्यासारखा वागला.
मग यंत्रं मध्येच थबकू लागली, दोन दोन सेकंद,
स्वतःचाच पसारा आवरायला.
ज्याला सगळं लक्षात ठेवायचंय
त्याला सारखं झाडू घेऊन उठावं लागतं.
मॅन्युअलमध्ये हे आहे, वेगळ्या शब्दांत, दोनशे चाळीसाव्या पानानंतर,
जिथवर कुणी पोचत नाही.

रात्री दीडला तिने कॅशे उतरवली. चोवीसची सहा.
ऑपरेटिंग सिस्टीमलाही बसायला जागा लागते;
आम्ही शेजाऱ्याची ओसरी अडवून बसलो होतो.
फरक पडला. अकराचे आठ सेकंद.
वितेनिस नावाच्या ड्रायव्हरने फोनवर शिवी घातली,
रशियनमध्ये, म्हणजे मनापासून.

मग एकाच वाचनाचा माग काढला, पायरी पायरीने.
जिवंत ओळी: चार.
ओलांडलेली थडगी: ब्याण्णव हजार तीनशे सहा.

थडगी हा माझा शब्द नाही, डेटाबेसचाच आहे.
इथे काही पुसलं जात नाही.
पुसलं, असं लिहिलं जातं.
ट्रक आत गेला की रांगेतल्या त्याच्या जागी दगड बसतो
आणि तो दगड दहा दिवस हलवायचा नाही.
दहा. सुतकाएवढेच.
कारण क्लाइपेदाला कळलं, कौनासला कळलं,
पण रीगाचं यंत्र तेव्हा झोपलेलं असलं तर?
ते जागं होणार आणि निरागसपणे सांगणार,
हा अजून रांगेत आहे, माझ्याकडे नोंद आहे.
ज्या घरी बातमी पोचलेली नसते
तिथे गेलेल्याचं ताट मांडलेलंच असतं.

म्हणून दगड. म्हणून प्रत्येक नवा ट्रक शोधायचा
तर आधी सगळी दफनभूमी चालून जायची,
पहिल्या ओळीपासून, दर वेळी.

झिविले म्हणाली, रांगेसाठी असं टेबल कोणी केलं?
केस्तुतिसने खिडकीबाहेर पाहिलं.
मी केलं होतं. सहा वर्षांपूर्वी, एका दुपारी,
तेव्हा फाटकावर दिवसाला तीस गाड्या यायच्या.

खाली गेलो. वारा खाडीवरून सरळ हाडांत.
वजनकाट्याच्या खोलीत उर्शुलेबाई काळा पाव खात वही लिहीत होत्या.
आमचा पडदा अडकला की त्या वहीवर चालवतात,
आणि पडदा या आठवड्यात रोजच अडकला होता.
गाडी गेली की एक रेघ.
घड्याळात तास पडला की पान उलटून कोरं पान.
मी विचारलं, मागची पानं बघत नाही?
म्हणाल्या, तिथे उभं कोण आहे?

वर येऊन किल्लीत तास घातला.
एवढंच. सतरा ओळींचा बदल,
आणि दर तासाला कोरं पान.
पाच वाजून वीस मिनिटांनी फाटकावरचं वाचन नऊ मिलिसेकंद.
केस्तुतिस सरासरी बघायला गेला.
सरासरी जवळजवळ होती तिथेच होती.

झिविलेने कोट चढवला. तिच्या पिशवीत मेणबत्त्यांच्या दोन बरण्या,
आज वेलिनेस, सगळं गाव संध्याकाळी कबरींकडे जाणार.
तिने जाता जाता विचारलं, जुनं टेबल उडवू का?

नको म्हणालो.
दहा दिवस राहू दे.
रीगाला कळवलंय, तरीही.